दास, सेवक की गुलाम? एका ग्रीक शब्दाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे फक्त एक शब्द. दूलोस. हा ग्रीक शब्द आहे आणि ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात तो सव्वाशेच्या आसपास वेळा येतो. नवा करार मुळात ग्रीकमध्येच लिहिला गेला, हे आधी लक्षात ठेवा.

फोनवर बायबलचं एखादं ॲप असेल तर एक करून बघा. पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेलं पत्र उघडा. पहिल्याच वाक्यात पौल स्वतःची ओळख करून देतो. मराठीत तो स्वतःला येशू ख्रिस्ताचा 'दास' म्हणवतो. इंग्रजीत बघितलंत तर बहुतेक भाषांतरांत 'सर्व्हंट' दिसेल, काहींत 'बाँडसर्व्हंट', आणि थोड्यांत चक्क 'स्लेव्ह'. मूळ शब्द सगळीकडे एकच, दूलोस.

आता सांगा, नोकर आणि गुलाम यांत काही फरक आहे की नाही? नोकर संध्याकाळी घरी जातो, पगार मिळाला नाही तर भांडतो, जमलं नाही तर काम सोडतो. गुलामाला यातलं काहीच करता येत नाही. मग एकाच शब्दाची इतकी वेगळी भाषांतरं का झाली? आणि त्याने कोणाच्या आयुष्यात काय फरक पडला? आज हेच बघायचंय.

बाजारातला शब्द

शब्द किती जुना आहे ते आधी बघू. ग्रीसमध्ये पायलोस नावाच्या ठिकाणी एका राजवाड्याच्या हिशेबाच्या मातीच्या पाट्या सापडल्या. साधारण इ.स.पू. 1200 च्या. त्यांची लिपी मायकेल व्हेंट्रिस या माणसाने 1952 मध्ये उलगडली. त्या पाट्यांवर हा शब्द आहे, थोड्या जुन्या रूपात, 'दोएरो'. आणि गंमत म्हणजे काही लोकांच्या नावापुढे 'देवाचा दोएरो' असंही लिहिलंय, आणि त्यांच्याकडे कसायला जमिनी आहेत. म्हणजे 'देवाचा दास' हा शब्दप्रयोग पौलाच्या हजार-बाराशे वर्षं आधीपासून चालत होता.

पण पुढच्या काळात, अथेन्स वगैरे शहरांत, दूलोसचा अर्थ पक्का झाला. दूलोस म्हणजे जो स्वतंत्र नाही तो. विकत घेता येतो, विकता येतो, असा माणूस. ॲरिस्टॉटलने गुलामाला जिवंत अवजार म्हटलंय. अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष घ्यायची तर ती छळ करूनच घ्यायची, असा प्रघात होता. त्याचं लग्न कायद्याने लग्न नव्हतं. गुलाम बाईला झालेलं मूल तिच्या मालकाचं.

आणि हा धंदा किती मोठा होता? एजियन समुद्रात डेलोस नावाचं छोटंसं बेट आहे. इ.स.पू. 166 मध्ये रोमने ते करमुक्त बंदर केलं आणि ते गुलामांची मंडई बनलं. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की तिथे एका दिवसात दहा-दहा हजार माणसं उतरवली आणि विकली जाऊ शकत. आकडा फुगवलेला असेल, पण ऐकणाऱ्याला तो अशक्य वाटला नाही, यातच काय ते आलं.

म्हणजे पहिल्या शतकात कोणी 'दूलोस' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय यायचं? हा बाजार, हे बंदर, किंवा त्याच्याच घरात पाणी भरणारा माणूस.

तीन शब्द, एक गोष्ट

कोणी म्हणेल, ग्रीकमध्ये नोकराला वेगळा शब्दच नसेल, म्हणून दूलोस वापरला असेल. तसं अजिबात नाही. भरपूर शब्द होते.

उधळ्या पुत्राची गोष्ट माहितीये ना? लूकच्या शुभवर्तमानातली. धाकटा मुलगा बापाकडून वाटा घेतो, उडवतो, उपाशी मरायची वेळ येते. तेव्हा त्याला बापाच्या घरची रोजंदारीची माणसं आठवतात. त्यांनासुद्धा पोटभर मिळतं, आपण परत जाऊन तसेच राहू, असं तो ठरवतो. इथे शब्द आहे 'मिस्थिओस', म्हणजे मजुरी घेऊन काम करणारा, आपला मोलकरी. मग तो घरी येतो. बाप आनंदाने ओरडून सांगतो, चांगला झगा आणा, अंगठी आणा. कोणाला सांगतो? दूलोस लोकांना. आणि शेतावरून थोरला भाऊ येतो, घरात नाचगाणं ऐकतो आणि एकाला बोलावून विचारतो. त्याच्यासाठी शब्द आहे 'पाइस', म्हणजे मुलगा, पोर.

एका छोट्या गोष्टीत तीन शब्द. लिहिणाऱ्याला फरक नीट माहीत होता. धाकट्याने मोलकरी व्हायचं ठरवलं होतं, दूलोस व्हायचं नव्हे.

त्या 'पाइस'पाशी जरा थांबू. वय चाळीस असलं तरी गुलामाला 'पोरा' म्हणूनच हाक मारायची. हे आपल्याला परकं आहे का? चहाच्या टपरीवर आपण 'पोऱ्या' म्हणतो, त्या पोऱ्याचं वय कोणी विचारतं का? आणि आपला 'गुलाम' हा शब्द अरबीतून आला, तिथे त्याचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा असाच आहे. ग्रीक आणि अरबी, दोन वेगळ्या भाषा, पण माणसाला लहान ठेवण्याची युक्ती तीच.

आणखी एक शब्द सांगते, तो पुढे लागणार आहे. 'दिआकोनोस'. जेवण वाढणारा, निरोप पोचवणारा, सेवा करणारा. चर्चमधला 'डीकन' यातूनच आला. फरक असा की दिआकोनोस म्हणजे तुम्ही काय काम करता, आणि दूलोस म्हणजे तुम्ही कोणाच्या मालकीचे आहात. मार्कच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना समजावतो तेव्हा दोन्ही शब्द एकामागे एक येतात. ज्याला मोठं व्हायचंय त्याने दिआकोनोस व्हावं, आणि ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा दूलोस व्हावं. दोन्हीकडे 'सेवक' लिहिलं की दुसरी पायरी सपाट होऊन जाते.

पौल असं का म्हणतो?

पौल स्वतंत्र माणूस होता. मग स्वतःला दूलोस का म्हणवून घेतो? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

पहिलं उत्तर ज्यू परंपरेतलं. हिब्रूमध्ये 'एव्हेद' असा शब्द आहे. तो गुलामालाही चालतो आणि राजाच्या मोठ्या अधिकाऱ्यालाही. मोशे, दावीद हे देवाचे 'एव्हेद'. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा 'एव्हेद'साठी अनेक ठिकाणी दूलोस आला. तेव्हा पौल स्वतःला दूलोस म्हणतो, त्यात मोशे-दावीदाच्या रांगेत बसण्याचा मानही आहे.

दुसरं उत्तर रोमन रस्त्यावरचं. रोमन समाजात मालक कोण, यावर गुलामाचा दबदबा ठरायचा. सम्राटाच्या घरचा गुलाम कारभार बघायचा, त्याच्यापुढे स्वतंत्र माणसंही वाकायची. 1990 मध्ये डेल मार्टिन या अमेरिकी अभ्यासकाने यावर अख्खं पुस्तक लिहिलं, की 'ख्रिस्ताचा दूलोस' म्हणण्यात त्या काळच्या साध्या लोकांना बड्या मालकाची ताकद ऐकू येत असेल. येशूच्या दाखल्यांतही हे दोन्ही रंग दिसतात. एका दाखल्यात मालक आपल्या दूलोसकडे पाच तालांत सोपवून परगावी जातो. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. हिशेब करा, तीस हजार दिवसांची कमाई एका गुलामाच्या हातात! आणि दुसऱ्या दाखल्यात दूलोसला फटके बसतात. रोमन जगात एकाच माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी शक्य होत्या. हातात लाखोंचा हिशेब, आणि पाठीवर कधीही पडू शकणारा चाबूक.

म्हणून फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्ताने दूलोसचं रूप घेतलं आणि तो क्रूसावर मेला, तेव्हा ते वाक्य जड होतं. क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर, इ.स.पू. 71 मध्ये, क्रॅससने सहा हजार माणसं आप्पियन रस्त्याच्या कडेला क्रूसांवर टांगली होती. दूलोस आणि क्रूस हे शब्द जवळ आले की रोमन माणसाला काय आठवत असेल, विचार करा. तिथे 'सेवक' हा शब्द ठेवला तर हे सगळं ऐकूच येत नाही.

मात्र प्रश्न असा की समोर खरेखुरे गुलाम बसलेत, त्यांना पौल काय सांगतो? इथे तो सरळ उत्तर देत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो म्हणतो, तू गुलाम असताना तुला बोलावणं आलं का? काळजी करू नकोस, पण स्वतंत्र होता येत असेल तर... आणि पुढे दोन ग्रीक शब्द आहेत, ज्यांचा अर्थ फक्त 'उलट वापर कर' एवढाच होतो. काय वापर? स्वातंत्र्याची संधी, की गुलामीतली परिस्थिती? वाक्यात कर्मच नाही. चौथ्या शतकातला मोठा धर्मोपदेशक जॉन ख्रिसोस्तोम याने अर्थ घेतला, गुलामच राहा. आजची बरीच भाषांतरं म्हणतात, संधी मिळाली तर स्वतंत्र हो. एक शब्द गाळला गेला आणि दोन हजार वर्षं वाद चालू आहे.

स्वतंत्र होणं म्हणजे काय असायचं, तेही बघा. ग्रीसमध्ये डेल्फी इथे अपोलोच्या देवळाखाली एक दगडी भिंत आहे. तिच्यावर बारीक अक्षरांत गुलाम-मुक्तीच्या नोंदी कोरल्यात, हजाराहून जास्त लोकांच्या. पद्धत अशी की मालक गुलामाला देवाला 'विकतो', पैसे प्रत्यक्षात गुलामानेच जमवलेले, आणि कागदोपत्री तो देवाचा झाला की माणसांच्या दृष्टीने मोकळा. पण अनेक नोंदींमध्ये एक अट आहे. मालक जिवंत असेपर्यंत तू त्याच्याजवळच राहायचं आणि सांगेल ते करायचं. पैसे भरले, देवाचा झालास, तरी दारातून बाहेर पडायचं नाही! पौल जेव्हा म्हणतो की तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, तेव्हा ऐकणाऱ्यांना असले व्यवहार चांगले ठाऊक होते.

एक छोटं पत्र आणि एक पट्टा

पौलाचं सगळ्यात छोटं पत्र फिलेमोनाला आहे. पंचवीस वचनं, फोनवर दोनदा स्क्रोल केलं की संपलं. अनेसिम नावाचा फिलेमोनाचा दूलोस तुरुंगातल्या पौलाकडे येऊन पोचलाय. तो पळून आला की आणखी काही, हे पत्र स्पष्ट सांगत नाही. पौल त्याला परत पाठवतो आणि मालकाला सांगतो, याला आता दूलोस म्हणून घेऊ नकोस, त्याहून वरचा, लाडका भाऊ म्हणून घे. अनेसिम या नावाचा अर्थ 'उपयोगी'. गुलामांना अशी नावं सर्रास ठेवायचे. पौल त्यावर कोटीही करतो, की हा तुला पूर्वी निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगाचा आहे.

पण मोकळा कर, असे शब्द त्या पत्रात नाहीत. भाऊ मान, म्हटलंय. भाऊ विकता येतो का? पौल हा प्रश्न फिलेमोनाच्या पदरात टाकून मोकळा होतो.

पुढच्या ख्रिस्ती जगाने या प्रश्नाचं काय केलं? चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने एका प्रवचनात माणसाची मालकी सांगण्यालाच हात घातला, देवाच्या प्रतिमेची किंमत कोण आणि किती ठरवणार, अशा अर्थाने. पण असा आवाज विरळाच. याच्या उलट एक वस्तू बघा. सार्डिनियात सापडलेला एक धातूचा गळपट्टा. कुत्र्याचा वाटेल, पण तो माणसाचा आहे. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की घालणारा आर्चडीकन फेलिक्सचा गुलाम आहे, पळून जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवा.

आर्चडीकन. आत्ताच सांगितलेला शब्द आठवा. दिआकोनोस म्हणजे सेवक, आणि आर्चडीकन म्हणजे मुख्य सेवक. सेवकांचा मुख्य आपल्या गुलामाच्या गळ्यात पट्टा अडकवतोय! हा पट्टा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडा वेळ पुढे वाचवेना. ज्याला सेवा करून घरी जाता येतं तो 'सेवक', आणि ज्याच्या गळ्यात पट्टा तो गुलाम. एवढा साधा फरक आहे.

सर्व्हंट कसा आला?

ग्रीकमधून बायबल लॅटिनमध्ये गेलं तेव्हा दूलोसचं झालं 'सर्व्हुस'. इथे काही चूक नाही, कारण रोमन लॅटिनमध्ये सर्व्हुस म्हणजे गुलामच. पण शतकं गेली, शब्द निवळला, आणि त्याच मुळातून 'सर्व्हंट' आला, ज्याचा अर्थ नोकर. विकल्या जाणाऱ्या माणसाला नवा शब्द लागला, तो आला 'स्लाव्ह' लोकांवरून, कारण मध्ययुगात त्या भागातून खूप माणसं पकडून विकली जात. तोच 'स्लेव्ह'.

1611 मध्ये इंग्लंडमध्ये किंग जेम्स बायबल छापलं गेलं. त्यात 'स्लेव्ह' हा शब्द किती वेळा आहे? फक्त दोनदा. त्यातली एक जागा प्रकटीकरणाच्या पुस्तकात आहे. व्यापाऱ्यांच्या मालाची यादी चाललीये, सोनं, रेशीम, घोडे, रथ, आणि शेवटी स्लेव्ह. आणि मजा बघा, तिथे मूळ ग्रीकमध्ये दूलोस नाहीच. तिथे शब्द आहे 'सोमाता', म्हणजे शरीरं. बाजारात माणसांना असंच म्हणायचे, इतकी शरीरं आली, इतकी गेली. म्हणजे जिथे दूलोस होता तिथे बहुतेक वेळा सर्व्हंट झाला, आणि जिथे स्लेव्ह आला तिथे दूलोस नव्हता.

किंग जेम्स बायबलनंतर आठ वर्षांनी, 1619 मध्ये, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसं विकायला उतरवली गेली. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मालक आपल्या गुलामांना सभ्यपणे 'आमचे सर्व्हंट्स' म्हणू लागले. मग रविवारी उपदेशक इफिसकरांस पत्रातलं वचन वाचायचा, सर्व्हंट्सनी मालकांच्या आज्ञेत राहावं. कोणाबद्दल बोलणं चाललंय हे मागच्या बाकांवर बसलेल्यांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

1807 मध्ये लंडनमध्ये तर वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास निवडक बायबल छापलं. नेहमीच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये 1,189 अध्याय असतात, यात 232. मोशे लोकांना गुलामीतून बाहेर काढतो तो भाग गायब. ख्रिस्तात दूलोस आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचन गायब. आज्ञेत राहा, हे मात्र जागेवर!

बरोबर अर्थ, चुकीची बाजू

आता इथपर्यंत तुम्हाला वाटलं असेल की गोष्ट सरळ आहे. भाषांतरकारांनी शब्द मवाळ केला, खरा अर्थ 'गुलाम', तो परत आणला की न्याय झाला. मलाही आधी असंच वाटत होतं. पण एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी वाद वाचला आणि माझीच गाडी अडकली.

त्या वादात 'दूलोस म्हणजे गुलामच' असं ठासून कोण सांगत होतं? गुलामगिरीचे समर्थक. त्यांचं म्हणणं, नीट ग्रीक वाचा, पौलाला गुलाम माहीत होते, त्याने मालकांना पापी म्हटलं नाही, म्हणजे बायबलला गुलामगिरी मान्य आहे. आणि विरोधकांपैकी काहीजण, उदाहरणार्थ फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक अल्बर्ट बार्न्स, 1846 च्या त्यांच्या पुस्तकात वगैरे, असं मांडत होते की दूलोसचा अर्थ गुलामच असायला हवा असं नाही, कुठल्याही प्रकारचा नोकर असू शकतो. म्हणजे शब्दाचा अर्थ बऱ्यापैकी बरोबर सांगणारे अन्यायाच्या बाजूला, आणि माणसाच्या बाजूने उभे राहिलेले शब्द ओढूनताणून सैल करतायत!

1850 मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा झाला, तेव्हा समर्थकांनी फिलेमोनाचं पत्रच पुढे केलं. पौलानेसुद्धा अनेसिमला परत पाठवलं होतं ना!

मग याचं उत्तर कोणी दिलं? ग्रीकचा एकही शब्द न येणाऱ्या लोकांनी.

1830 च्या दशकात जॉर्जियातल्या लिबर्टी काउंटीत चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचा गोरा धर्मोपदेशक गुलामांसमोर उपदेश करत होता. विषय, फिलेमोनाला पत्र. निष्ठा, आज्ञाधारकपणा, आणि पळून जाणं कसं वाईट, पौलाचा दाखला देऊन. आणि अर्धे लोक उठले आणि चालायला लागले. उरलेलेही खूश नव्हतेच. नंतर कोणी म्हणालं असलं पत्र बायबलमध्ये नाहीच, कोणी म्हणालं हे शुभवर्तमान नव्हे, कोणी म्हणालं याचं पुन्हा ऐकायला येणार नाही. हे सगळं जोन्सने स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं.

उठून जाणं म्हणजे काय, हे लक्षात घ्या. हे रिकाम्या वेळेत वर्गातून बाहेर पडणं नव्हतं. उठणारा माणूस दुसऱ्याच्या मालकीचा होता आणि मालकांच्या धर्मोपदेशकाला पाठ दाखवत होता.

आपला दास

आता थोडं घरी येऊ. मराठी बायबलमध्ये पौल 'दास' आहे. आपल्या कानाला हा शब्द किती गोड लागतो! रामदास, तुळशीदास, दासबोध. दास म्हटलं की टाळ-मृदंग ऐकू येतात, बाजार ऐकू येत नाही. एका परीने ही निवड छान आहे, कारण 'एव्हेद'मधला मान आणि भक्ती 'दास'मध्ये येते, ती 'गुलाम'मध्ये आली नसती. पण साखळी निसटते.

आणि साखळी आपल्याकडे नव्हती असं समजू नका. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींची खरेदी-विक्री आहे. 'बटीक' हा शब्द आजीच्या तोंडी ऐकला असेल, तो दासीलाच म्हणायचे. कंपनी सरकारने 1843 च्या कायद्याने गुलामीला कायद्याचा आधार काढून घेतला.

मला यात जनाबाई आठवते. ती स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. पण ती त्या घरात खरोखर दळण-कांडण करणारी दासी होती. म्हणजे तिच्या तोंडी हा शब्द नुसता भक्तीचा अलंकार नाही, तिच्या हाताला जात्याचे घट्टे आहेत. स्वतंत्र माणसाने स्वतःला दास म्हणणं आणि दासीने स्वतःला दासी म्हणणं, दोन्ही सारखं ऐकू येतं पण सारखं नसतं. पौल आणि अनेसिम यांच्यातही नेमका हाच फरक होता. पौलाने दूलोस हे नाव स्वतः घेतलं, अनेसिमला ते चिकटवलेलं होतं.

आणि जोतीराव फुले. 1873 मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, नाव ठेवलं 'गुलामगिरी'. 'दास्य' वगैरे नाही. गोड शब्द टाळून बाजारातला शब्द उचलला. आणि पुस्तक अर्पण कोणाला केलं? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सद्‌गृहस्थांना. जॉर्जियात उठून गेलेल्या त्या माणसांची लढाई पुण्यात वाचली जात होती. कुठला शब्द कधी वापरायचा, हे जोतीरावांना पक्कं कळलं होतं.

मग काय लिहायचं?

वाद अजून संपलेला नाही. 2004 च्या एका इंग्रजी भाषांतराने रोमकरांस पत्रात हिमतीने 'स्लेव्ह' लिहिलं, आणि 2017 च्या सुधारित आवृत्तीत परत 'सर्व्हंट' केलं. 2010 मध्ये केंब्रिजला आणखी एका भाषांतराची समिती यावर वाद घालत बसली होती, बीबीसीने त्याचं चित्रीकरणही केलं. तिथे काही जागी 'स्लेव्ह' काढून 'बाँडसर्व्हंट' आला.

माझं मत विचाराल तर, जिथे बाजार आहे तिथे बाजार ऐकू यायला हवा. शब्द मवाळ केल्याने भूतकाळ मवाळ होत नाही. पण नुसता बरोबर शब्द कोणाला सोडवत नाही, हेही अमेरिकेने दाखवलं. शब्दाचा अर्थ कोशात मिळतो. तो कोणाच्या पाठीवर पडतोय, हे मात्र माणसांकडे बघूनच कळतं.

शेवटची गोष्ट. हॉवर्ड थर्मन नावाचे अमेरिकी कृष्णवर्णीय धर्मचिंतक होते. 1936 मध्ये भारतात येऊन गांधीजींना भेटलेले. त्यांची आजी गुलामीत जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी. लहानपणी थर्मन तिला बायबल वाचून दाखवायचे. पण पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही. अपवाद एकच, करिंथकरांस पत्रातला प्रेमावरचा अध्याय. मोठं झाल्यावर थर्मननी कारण विचारलं. तिने सांगितलं की गुलामीच्या काळात मालकाचा गोरा धर्मोपदेशक वर्षातून तीन-चार वेळा तरी तेच वचन घ्यायचा, गुलामांनो, आज्ञेत राहा. तेव्हाच तिने ठरवलं होतं की कधी स्वातंत्र्य आलं आणि वाचायला आलं, तर बायबलचा तो भाग वाचायचा नाही. थर्मननी हे 1949 च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय.

त्या आजीला दूलोस हा शब्द माहीत नव्हता. पण त्याचा अर्थ तिला कुठल्याही कोशापेक्षा जास्त माहीत होता.

तर मंडळी, पुढच्या वेळी ॲपमध्ये 'दास' दिसला की एक सेकंद थांबा आणि स्वतःला विचारा, हे नाव त्याने स्वतः घेतलंय, की कोणीतरी त्याच्या गळ्यात अडकवलंय? तुमच्या घरात, गावात बटीक, कुणबीण, पोऱ्या असे शब्द कसे वापरले जायचे, किंवा अजूनही जातात, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. आजी-आजोबांना विचारून पाठवलंत तर आणखी छान.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.